दुसऱ्या चुलीवरचं पाणी

सुगी आली की माझा माणसांवरचा भरवसा कमी होतो. एरवी मी तशी बरी बाई आहे. दूधवाला पाणी घालतो हे ठाऊक असून त्याला चहा देते, शेजारची सून खोटं बोलते ते ऐकून घेते. पण माघात गल्लीतून कडब्यानं भरलेला टेम्पो गेला, पेंढ्या दोन्हीकडच्या भिंतींना घासत गेल्या आणि तो कोरडा, गोडसर वास खिडकीतून आत आला, की मी आधी दाराची कडी बघते. मग स्वयंपाकघरात जाऊन शेगडी बघते. कुणीतरी येणार आणि काहीतरी विचारणार, असं मला वाटायला लागतं.

यंदा खरंच कुणीतरी आलं. माझ्या भावाची नात, मुक्ता. औरंगाबादेला शिकते, आता पुढचा मोठा प्रबंध लिहून राहिली आहे. पोरगी गोड आहे, येताना माझ्यासाठी बिनसाखरेची बिस्किटं आणते. हुरडा खायला म्हणून मैत्रिणींबरोबर बदनापूरकडं आली होती, तिथून माझ्याकडं मुक्कामाला आली. ओठाला हुरड्याची राख तशीच होती. मी विचारलं, "प्रबंध कशावर गं?" तर सरळ सांगितलं तिनं. बायकांना बायकाच आवडतात, पुरुषांना पुरुष, कुणाला दोन्ही, कुणाला कुणीच नाही. अशा माणसांची व्याख्या विद्वानांनी कशी केली, त्यांची वर्गवारी कशी लावली, त्यावर.

"तीन अंगांनी बघतात, आत्याआजी," ती म्हणाली. "एक, मनाची ओढ कुणाकडं आहे. दोन, प्रत्यक्षात माणूस कुणासोबत राहतो, वागतो. तीन, तो स्वतःला काय म्हणवतो. गंमत म्हणजे ही तिन्ही एका माणसात जुळतातच असं नाही. मग त्यातलं कुठलं खरं धरायचं, यावर भांडणं चालू आहेत."

"चालू दे," मी म्हणाले. "तू खिचडी खाणार का?"

बोलले खरी, पण एकदा धुतलेली डाळ मी पुन्हा धुतली. हे तीन प्रश्न मी आधी ऐकले होते. मुक्ताचा बाप जन्मायच्या आधी, अशाच सुगीत, एका शाळेच्या ओसरीवर.

पोलिस ॲक्शन होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. निजामाच्या वेळच्या उर्दू शाळा मराठी झाल्या होत्या आणि मराठी शिकवणारी माणसं मिळत नव्हती. मी जालन्याची. सतराव्या वर्षी विधवा झाले. नवरा तापानं गेला. त्याचा चेहरा मला आता नीट आठवत नाही, खोकल्याचा आवाज तेवढा आठवतो. थोरला भाऊ, आमचा दादा, कोर्टात कारकून होता. त्याच्या घरी मी भांडी, पाणी, पोरं असं सगळं बघत होते, आणि उरलेल्या वेळात मिळेल ते वाचत होते. कुंभार पिंपळगावच्या अलीकडं एका वाडीत मुलींच्या शाळेला बाई हवी होती. दादा कसाबसा तयार झाला, पण एका अटीवर. "चूल वेगळी ठेवायची," तो म्हणाला. "तिथं राहायचं, शिकवायचं, पण दुसऱ्याच्या चुलीवरचं खायचं नाही. ते कळलं त्या दिवशी नोकरी बंद. तुला जालन्याला घेऊन येईन." आमच्या जातीत तेव्हा याला फार महत्त्व होतं. परतून जालन्याला जाणं म्हणजे काय, हे मला पक्कं माहीत होतं. जन्मभर दादाच्या मोरीवर बसून राख-नारळाच्या शेंडीनं भांडी घासणं.

मला खोली मिळाली ती गोदावरीच्या घरात. गोदा माझ्याहून चार-सहा वर्षांनी मोठी, कुणब्याची लेक. नवऱ्यानं दुसरी करून आणली, तेव्हा हिनं भांडणतंटा केला नाही. आपली लोखंडी पेटी डोक्यावर घेतली आणि बापाकडं आली. बाप पुढं वारला. घर आणि ओढ्याकाठचं काळं रान तिच्या वाट्याला आलं. उंच, हाडापेरानं मजबूत. हसायची तेव्हा आधी तोंडावर पदर घ्यायची आणि मग पदरासकट हसायची. गावातल्या कुणी विचारलं की हे काय जमवलंय तुम्ही दोघींनी, तर म्हणायची, "आमची सावड हाय. बाई माझ्या वाटणीचं वाचती, मी तिच्या वाटणीचं राबती." सावड म्हणजे दोन शेतकऱ्यांनी आपापला एकेक बैल जोडून दोघांची शेतं ओढायची. गावाला हे उत्तर पुरायचं.

मी पहिले काही दिवस खरंच माझ्या खोलीतल्या चुलीवर रांधलं. पण पऱ्हाटी, कापसाच्या वाळक्या काड्या, कशी पेटवायची ते मला येत नव्हतं. घरभर धूर व्हायचा, डोळे सुजायचे. भिंतीपलीकडून गोदाची भाकरी थापल्याचा आवाज यायचा, आणि मग तिचं बोलणं. "बाई, धुरानं मरताल हो. मंग पोरींना कोन शिकवील?" एकदा शाळेतून ताप घेऊन आले. तिनं दुधात भाकरी कुस्करली, वर गूळ घातला आणि वाटी माझ्या हातात न देता स्वतःच चमच्यानं भरवली. तिच्या हाताला कडब्याच्या पात्यांनी बारीक चिरा पडल्या होत्या. त्या दिवसापासून माझी चूल थंड झाली. दर आठवड्याला मी ती चूल सारवायची, कडेला दोन गोवऱ्या रचून ठेवायची, म्हणजे ती चालू दिसावी.

मला गोदा आवडायची. आवडायची म्हणजे, तिला रानातून यायला उशीर झाला की माझे पाढे चुकायचे. ती खळं सारवत असली की मी कुंपणापाशी पुस्तक घेऊन उभी राहायची आणि पानं उलटायची नाही. तिला मी तशी आवडायची का, हे मी तिला कधी विचारलं नाही, कारण विचारायची वेळ आली नाही. बाकीचं मी मुक्ताला सांगितलेलं नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही.

आता मजा बघा. सगळ्या गावाचं लक्ष होतं ते माझ्या चुलीवर. पाटलीणबाई आल्या की आधी खोलीच्या कोपऱ्यात नजर टाकायच्या. "काय केलं आज, बाई?" मी म्हणायची, "मुगाची खिचडी." जालन्याहून कुणी ओळखीचं आलं तरी तेच. ब्राह्मणाची बाई कुणब्याच्या हातचं खाते की काय, एवढाच संशय सगळ्यांना. घरात अंथरुणं किती पडतात, हे कुणी विचारलं नाही. दोन बायका एका घरात निजल्या तर त्यात बघण्यासारखं काही आहे, हे गावाच्या ध्यानीमनी नव्हतं. त्या आंधळेपणात आम्ही सुखानं राहत होतो.

मग तो आला.

हुरडा संपून ज्वारी कडक व्हायला लागली होती. काढणी सुरू होती. बायका ओळीनं वाकून ताटं उपटत होत्या, मागं पेंढ्या पडत होत्या, आणि दुपारी सगळ्या रानाला भाजल्यासारखा वास यायचा. अशात एक तरुण माणूस परतूरच्या रस्त्यानं सायकलवर आला. कुठल्याशा मोठ्या कॉलेजातला अभ्यासक. बारीक चष्मा, पांढरा शर्ट, सायकलला पाण्याची बाटली. त्याला म्हणे गावातल्या कुटुंबांचा अभ्यास करायचा होता. शाळेतच त्याची उतरायची सोय झाली. बोलायचा पुस्तकी, आणि आमच्या पोरी 'आल्ता', 'गेल्ता' म्हणाल्या की दर वेळी माझ्याकडं बघायचा. नाव त्यानं सांगितलं होतं, पण गावानं ते घेतलं नाही. गाव त्याला चौकशीवाला म्हणायला लागलं.

तुम्ही आजची माणसं. कुणी विचारपूस केली तर तुम्हाला आनंद होतो. आमच्या गावाला तेव्हा विचारणाऱ्याची धास्ती होती. आधी रझाकार येऊन विचारून गेले होते, घरात कोण कोण आहे. मग फौजेनं विचारलं. मग सरकारचे लेव्हीवाले आले, धान्य किती झालं, घरात ठेवलं किती, आणि विचारून झालं की पोती उचलून नेली. कुणी नाव-गाव विचारलं की काहीतरी जातं, एवढं आमच्या गावानं अनुभवानं शिकून घेतलं होतं. चौकशीवाला घरोघर पहिला प्रश्न विचारायचा, "घरात चुली किती?" एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब, असा त्याचा हिशेब. गावानं त्यातून वेगळंच काढलं. चुली तितकी घरं, घरं जास्त तितकं जास्त धान्य सरकार ठेवू देणार, उरलेलं लेव्हीत जाणार. त्या दिवसापासून ज्याच्या त्याच्या घरात नवीन चुली उगवल्या. सासू-सुना आयुष्यात पहिल्यांदा एकमतानं म्हणाल्या की आम्ही वेगळ्या राहतो. ओढ्याकाठची माती उकरून उकरून तिथं खड्डा पडला.

गोदा मला येऊन सांगायची आणि पोट धरून हसायची. "सखाराम तात्याच्या घरी तीन चुली झाल्या, बाई. माणसं दोन हायेत."

आमच्या घरी तो आला तेव्हा मी शाळेतून नुकती आले होते. ओसरीवर बसला. गोदानं पाणी दिलं. त्यानं तिचं नाव विचारलं, बापाचं विचारलं, नवरा कुठं असतो ते विचारलं. तिनं सगळं नीट सांगितलं. मग माझ्याकडं बघून त्यानं तिलाच विचारलं, "आणि या बाईंचं पूर्ण नाव काय?"

गोदानं मान खाली घातली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "शाळंत समदे मास्तरीणबाई म्हन्तात."

"हो, पण नाव?"

"त्यांनाच इचारा की."

तो हसत होता, तो थांबला. मीही तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं, म्हणजे कानानं ऐकलं. गोदानं मला कधी नावानं हाक मारली नव्हती. चारचौघांत बाई म्हणायची आणि घरात काहीच म्हणायची नाही. नुसतं "ऐकलं का", नाहीतर भांडं वाजवायची. आमच्याकडं बाई एकाच माणसाचं नाव तोंडानं घेत नाही, आणि विचारलंच कुणी तर अशीच मान खाली घालते. हे चौकशीवाल्याला माहीत होतं. त्याच्या घरीही आई असेलच. त्यानं गोदाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मथुरा," मी घाईनं म्हणाले, "मथुराबाई," आणि माझा आवाज मलाच परका वाटला.

तो गेल्यावर मी गोदाला म्हणाले, "नाव सांगायला काय झालं होतं तुला?"

"माझ्यानं व्हत न्हाई," ती म्हणाली आणि शेणाची पाटी उचलून खळ्याकडं गेली.

त्यानंतरचे दिवस मी त्याला टाळत काढले. तो शाळेच्या एका टोकाला आणि मी दुसऱ्या टोकाला. पोरींना धुळाक्षरं गिरवायला लावून मी त्याच्या सायकलीकडं बघायची. गोदाला मात्र फारसं काही वाटत नव्हतं. "माणूस वाईट न्हाई," ती म्हणायची. "त्याला झोप येत न्हाई, म्हनून लोकांना इचारत फिरतो." मी म्हणायची, तुला कळत नाही. ती म्हणायची, "मंग तुमाला कळतंय तर तुमीच भ्या." आणि भाकरी पुढ्यात टाकायची.

एका दुपारी शाळा सुटल्यावर तो माझ्यापाशी आला. म्हणाला, तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून बोलतो. कुटुंबाचा अभ्यास हे वरचं झालं. त्याला खरं शोधायचं होतं ते वेगळंच. लग्नाच्या चौकटीबाहेर जी माणसं एकमेकांना धरून राहतात, त्यांचं काय? त्यानं खडू घेतला आणि ओसरीच्या फरशीवर एक लांब रेघ ओढली.

"लोक समजतात माणसांच्या दोनच पेट्या आहेत," तो म्हणाला. "मला वाटतं ही एक रेघ आहे. या टोकाला ज्यांना फक्त भिन्नलिंगी माणूस आवडतो ते. त्या टोकाला फक्त आपल्यासारखाच आवडतो ते. बाकी सगळे मधे कुठंतरी. पण माणसाला रेघेवर ठेवायचं कशावरून? त्याच्या मनावरून, त्याच्या वागण्यावरून, की तो स्वतःला काय म्हणवतो त्यावरून?"

पोरींनी पाटीवर ओलं फडकं मारल्याचा वास अजून ओसरीवर होता. मी रेघेकडं बघत राहिले. मग मला राग आला, आणि राग आला की मला बोलता येतं.

"ही रेघ कशाला पाहिजे तुम्हाला?"

"समजून घ्यायला."

"लेव्हीवालेसुद्धा आधी समजूनच घेतात," मी म्हणाले. "समजून घेतल्यावर काय नेणार, ते सांगा."

त्यानं चष्मा काढून पुसला. "माझी अडचण ऐका," तो म्हणाला. "बायकांकडं तिसऱ्या प्रश्नाला शब्दच नसतो. स्वतःला त्या काहीच म्हणवत नाहीत. मग त्यांना कुठं ठेवायचं?"

"आहेत तिथंच ठेवा."

तो हसला नाही. पायानं रेघ पुसायला गेला तर ती नुसती फिस्कटली. दुसऱ्या दिवशी पोरी त्याच रेघेवर उड्या मारत खेळत होत्या.

त्याच आठवड्यात दादा आला. परतूर स्टेशनावर उतरून बैलगाडीनं. सकाळची वेळ. सहज आलो, म्हणाला. सुगीत कोर्टातला कारकून रजा टाकून सहज कुठं जात नाही. त्याला कुणी कळवलं असेल? पाटलीणबाईंनी? बाजारातल्या कुणी? की याच चौकशीवाल्यानं, आपल्या अभ्यासाचा भाग म्हणून, माझ्या माहेरी चौकशी केली? मला तेव्हा तोच वाटला. आज वाटतं, नसेलही. खात्री मात्र आजतागायत झाली नाही.

पण त्या सकाळी गावात दुसरीच धांदल होती. कुणीतरी उठवून दिलं होतं की चौकशीवाला आज चुलींना हात लावून बघणार, थंड चूल खोटी धरणार. झालं. सूर्य उगवायच्या आत साऱ्या गावातल्या साऱ्या खोट्या चुली पेटल्या. धूर असा दाटला की बैल शिंकायला लागले. गोदाला खळ्यावर मळणीला जायचं होतं, बैल जुंपून उभे होते. तिनंही जाता जाता माझ्या चुलीत पऱ्हाटी कोंबली, पेटवली, वर पातेलंभर पाणी ठेवलं, झाकण टाकलं. मला म्हणाली, "जाळ इझू देऊ नका." तिला लेव्हीची काळजी होती, दादाची नाही. दादा येणार हे आम्हाला कुठं माहीत.

गाडीतून उतरला तो दादा सरळ माझ्या खोलीत. पाय धुतले नाहीत, पाणी मागितलं नाही. कोपऱ्यात बघितलं. चूल पेटलेली. उकिडवा बसला आणि जाळावर हात धरला, जणू ती ऊबच खरी की खोटी ते बघायचं होतं. पातेल्यातलं पाणी खदखदत होतं. दादानं झाकण उचललं असतं तर आत ना डाळ, ना तांदूळ. मग भांडी कुठं, पीठ कुठं, मीठ कुठं, आणि मग जालना.

"काय करून राह्यलीस स्वयंपाकाला?" दादानं विचारलं.

तेवढ्यात दारातून आवाज आला. चौकशीवाला. खरंच चुली बघत फिरत होता, गावानं एकदा तरी बराबर ओळखलं होतं. दादानं चष्मा आणि शर्ट बघून ओळखलं की माणूस शिकलेला आहे, वाटेत गाडीवानानं सांगितलेला चौकशीवाला हाच, आणि उठून नमस्कार केला. तो आत आला, चुलीपाशी वाकला आणि झाकण त्यानंच उचललं. वाफ त्याच्या चष्म्यावर आली. तरी आत बघितलं, नीट बघितलं. मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. झाकण त्यानं परत ठेवलं.

"आधण आहे," तो दादाला म्हणाला.

दादाचा चेहरा सैल पडला. "तुमच्या तहकिकातीत काय निघालं मंग, साहेब? या घराचं?"

"या घरात दोन चुली आहेत," तो म्हणाला, चष्मा पुसत बाहेर गेला, आणि जाताना त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

मग मला खरंच रांधावं लागलं, कारण दादा बहिणीच्या चुलीशिवाय जेवणार नव्हता. गोदाच्या डब्यातलं पीठ मागच्या दारानं आणलं. पिठलं लागलं, भाकरीला भोकं पडली. खळ्यावरून येऊन गोदा ओसरीवर बसली होती, पदर तोंडावर, आणि पदर हलत होता. दादा गुपचूप जेवला. हात धुताना म्हणाला, "हात बिघडला तुझा. पण चूल वेगळी आहे, बस्स झालं." संध्याकाळच्या आत गाडीत बसून गेला. मी ओसरीवर बसून रडले. गोदा म्हणाली, "आता कशाला?" मी म्हणाले, आता भीती वाटून राहिली आहे. आधी वेळ नव्हता.

चौकशीवाला थोड्या दिवसांत निघून गेला. लेव्ही आली, चुली कुणी मोजल्या नाहीत. पाऊसकाळाच्या तोंडाला गावानं खोट्या चुली फोडून टाकल्या. आमची राहिली.

मी त्याला कधी माफ केलं नाही आणि त्याचे उपकारही विसरले नाही, दोन्ही एकदम. त्यानं पाणी बघितलं होतं. मग दोन चुली का म्हणाला? दया आली? की त्याला खरंच वाटलं की आधण आहे, डाळ नंतर पडेल? की त्याला चुलीशी कर्तव्यच नव्हतं, आणि आम्हाला त्यानं त्याच्या रेघेवर कुठंतरी कधीच ठेवून दिलं होतं? पुढं मी बदनापूरला बदलून गेले, तिथं वाचनालय होतं. मग जालन्याला. दिसेल तिथं त्याचं पुस्तक शोधलं. वाटायचं, एखाद्या पानावर एक मास्तरीण आणि एक कुणब्याची बाई सापडेल, नावं बदललेली. नाही सापडली. सापडली असती तर मला राग आला असता, नाही सापडली त्याचंही मला बरं वाटलं नाही.

बदनापूरला जाताना गोदानं रान बटाईनं, अर्ध्या वाट्यावर कसायला दिलं आणि पेटी डोक्यावर घेऊन माझ्याबरोबर निघाली. विचारलं नाही, निघाली. जिथं घर केलं तिथं तिनं दोन चुली घातल्या. एकीवर स्वयंपाक, दुसरीवर रोज सकाळी पातेलंभर पाणी. दादा कधीही सहज येऊ शकत होता. पुढं दादा म्हातारा झाला, मग गेला, तरी पाणी चालूच. गॅस आला तेव्हा गोदानं शेगडीकडं बघितलं. "दोन हायेत की," ती म्हणाली, आणि दुसऱ्या बर्नरवर पाणी ठेवलं. तेच पाणी मग आमच्या चहाला, माझ्या गुडघ्यांना, तिच्या आंघोळीला.

विद्वानांच्या तीन प्रश्नांत मी गोदाला किती वेळा बसवून बघितलं. मनाचं म्हणाल तर मला माहीत आहे. वागण्याचं म्हणाल तर ते भिंतींना माहीत आहे. आणि म्हणवण्याचं विचाराल तर तिनं जन्मभर स्वतःला काही म्हणवलं नाही आणि मला हाकही मारली नाही. मग तिसऱ्या प्रश्नावर ती नापास का? ज्या बाईला आपल्या माणसाचं नाव घेताना लाज वाटत होती, तिला विद्वान म्हणणार की तुमची ओळखच ठरलेली नाही. दवाखान्यात शेवटी डॉक्टरनं माझ्याकडं बोट दाखवून तिला विचारलं होतं, "या तुमच्या कोण?" तिला श्वास पुरत नव्हता. "आमच्या घरचं माणूस हाय," एवढं म्हणाली आणि मान भिंतीकडं वळवली. त्या डॉक्टरला त्यातलं काही कळलं नाही. मला कळलं, आणि मी बाहेर येऊन बाकावर बसले.

खिचडी शिजली. मुक्ता ताट घ्यायला आत आली. तिचं लक्ष शेगडीकडं गेलं.

"आत्याआजी, दुसरीकडं नुसतं पाणीच उकळतंय. मघापासून. गॅस वाया चाललाय."

"असू दे."

ती ताट हातात घेऊन तशीच उभी राहिली. पोरगी हुशार आहे. गोदाआजीचा फोटो तिनं लहानपणापासून बघितलेला आहे. हळूच म्हणाली, "एक विचारू? नाव कुठंही येणार नाही. तुम्ही स्वतःला कधी काही म्हणवलंत का?"

मी तिच्याकडं बघितलं. दादाचं नाक आहे तिला, अगदी तसंच. गल्लीतून कडब्याचा टेम्पो जात होता, आणि मला वाटलं, हिला तरी कशाला सांगायचं. ही सगळं समजून घेणार आणि काय नेणार? पण दादाची नात माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या हातचं ताट घेऊन उभी होती, आणि तिला विचारायची भीती वाटत होती, सांगायची मला वाटत होती तेवढीच.

मी दुसऱ्या बर्नरचं बटण फिरवलं. आच विझली, पाण्याचा आवाज हळूहळू बसला.

"तुझे शब्द तुझ्याजवळ ठेव," मी म्हणाले. "माझं एवढंच लिही. आमची चूल एकच होती."